चालत्या इंजिनाला पाना लावत नाहीत

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे. किती जुनं, हे माझं मला ठाऊक होतं, पण माझं ऐकतो कोण? बैलाचं बरं असतं. जबडा उघडला, दात पाहिले, की दोन दाती आहे की सगळे दात येऊन जुळलेला आहे ते बाजारातला कुणीही सांगतो. माझ्या तोंडात डोकावलं तर नुसती काजळी. त्यामुळं माझं वय काय आणि माझं गाव कुठलं, यावरून देवळाली प्रवराच्या त्या मळ्यात इतके वाद झाले की तितके बांधावरूनही कधी झाले नसतील.

माझा जन्म कॅनडातला. तिथल्या कारखान्यात लोखंडाचा लालभडक रस साच्यात ओतला आणि मी झालो. चार सिलिंडर आणि चाळीस घोड्यांचं बळ. सगळी जुळवाजुळव झाल्यावर एका कामगारानं माझ्या डाव्या कुशीवर हातोडीनं अक्षरं आणि अंक ठोकले, आणि दोन्ही टोकांना एकेक चांदणी उमटवली. तो माझा जन्मदाखला. मग मला फोर्ड गाडीच्या पोटात बसवलं आणि बोटीतून मुंबईला धाडलं. बोटीत मला काहीच दिसलं नाही, म्हणून समुद्राचं वर्णन करायला सांगू नका.

माझे पहिले मालक नगरचे एक वकील होते. आता शहराचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण माझ्या तोंडी नगरच बसलंय, त्याला इलाज नाही. वकीलसाहेब मला फार जपत. कोर्टात निघताना रोज माझ्यातलं तेल बघत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐटीत सांगत, "कॅनडातून आलंय बरं का!" कौतुक कुणाला आवडत नाही? मी फुगून जात असे. पुढं वकीलसाहेब थकले, मुलांना नवी गाडी हवी झाली आणि माझी रवानगी नेवासे तालुक्यात सूर्यभान नावाच्या ड्रायव्हरकडं झाली. कोर्टाची ऐट गेली आणि मी लग्नाच्या वराती ओढायला लागलो.

खरं सांगू? ते दिवस मला जास्त आवडले. कोर्टात जाताना गाडीत कुणी हसत नसे. वरातीत मात्र पुढं ताशा, मागं धुरळ्यात पळणारी पोरं, आणि गाडीत लाजून चूर झालेली दोन माणसं असत. सूर्यभान मला शिव्या घाली, पण त्याचा हात मऊ होता. माझं काय दुखतं ते त्याला आवाजावरून कळे.

अशाच एका उन्हाळ्यात आम्ही घोडेगावला एक वरात न्यायला गेलो. घोडेगाव म्हणजे जनावरांच्या बाजाराचं गाव. नवरीचे वडील बिभीषण हे बैलांचे व्यापारी. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, टपावर थाप दिली आणि सूर्यभानला विचारलं, "किती दाती हाय रं?"

"मामा, ह्याला दात न्हाईत, घोडे हायेत. चाळीस!"

"आमच्या घोडेगावात येऊन चाळीस घोडे सांगतो व्हय? दावणीला बांधून दाव की!"

मांडव खदखदून हसला. पण थोड्या वेळानं नवरी गाडीत बसायला आली, तेव्हा याच माणसाचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी कोपरीच्या खिशातून एक पैसा काढला. इंग्रजांच्या वेळचा, मध्ये मोठं भोक असलेला तांब्याचा पैसा. त्याच्या कडेला कानशीनं पाडलेल्या तीन खाचा होत्या. आपल्या बैलांच्या पुठ्ठ्यावर कात्रीनं केस कापून बिभीषण जी खूण करत, तीच ही खूण. त्यांनी तो पैसा लेकीच्या पदराला गाठ मारून बांधला आणि म्हणाले, "बनू, माझ्या पयल्या भवानीचा पैसा हाय ह्यो. ह्याच्यावर माझा धंदा उभा ऱ्हायला. मोडू नगं आन् हरवू नगं." एवढं बोलून ते बैल बघायच्या निमित्तानं मागच्या मागं निघून गेले.

नवरीचं नाव बनुबाई आणि नवरदेव देवळाली प्रवराचा आप्पासाहेब. शिंगणापूर मागं पडलं आणि मुळा नदीच्या अलीकडं माझ्या कुशीतून तेल गळायला लागलं. बाजूच्या झाकणाच्या एका बोल्टाचा वायसर उडाला होता. वायसर म्हणजे बोल्टाच्या डोक्याखाली घालायची चकती. सूर्यभाननं डबा उपसला, पण त्यात एक जाड लोखंडी चकती तेवढी सापडली. ती बसवली तरी तेल थांबेना.

"खाली मऊ तांबं पायजे," सूर्यभान कपाळावर हात मारून म्हणाला. "तांब्याचा वायसर आता ह्या रानात कुठनं आणू?"

नवरदेव खिसे चाचपू लागला. करवल्यांनी तोंडं वेंगाडली. इतक्यात मागच्या खिडकीतून हिरव्या चुड्याचा एक हात बाहेर आला. तळहातावर तो भोकाचा पैसा होता. बनुबाईनं नवऱ्याला आयुष्यात दिलेली ती पहिली वस्तू. त्यानं ती घेतली, क्षणभर घुटमळला आणि खाली मान घालून पुटपुटला, "तुझा पैसा मी तुला आणून दीन." त्यानं तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

पैसा खाली, लोखंडी चकती वर, आणि वरून बोल्ट आवळला. तेल जागच्या जागी थांबलं. वरात वेळेत पोचली. घरी गेल्यावर आप्पासाहेबानं सूर्यभानला बाजूला घेतलं आणि पैसा मागितला, तर तो दोन्ही हात जोडून म्हणाला, "नवरदेव, गडी झ्याक बसलाय. चालत्या इंजिनाला पाना लावत न्हाईत." आणि मला घेऊन तो दुसऱ्या दिवशीच्या वरातीला निघून गेला. बोलून चालून ड्रायव्हर तो, त्याला तिसऱ्याच्या पैशाचं काय?

पण आप्पासाहेबाच्या मनातून तो पैसा गेला नाही. बनुबाई माहेराहून आली की हमखास विचारी, "माझ्या बापाचा पैसा कुठाय?" तो म्हणे, "इंजिनात हाय." ती म्हणे, "आन् इंजिन कुठाय?" यावर तो वैरण टाकायला उठून जाई. अशी वर्षं गेली. बिभीषण वारले. त्या वेळी ती रडता रडता पुन्हा तेच म्हणाली, की बापाची एक खूण होती तीही तुमी घालवली. दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब माझ्या शोधात नेवाशाच्या वाटेला लागला.

तोवर गाडीची पार रया गेली होती. टप सडला होता, चाकं कुणीतरी बैलगाडीला लावली होती. मी मात्र एका छपराखाली शाबूत होतो. आप्पासाहेबानं विचारलं, "हेच का ते? नक्की?" म्हातारा झालेला सूर्यभान छातीला हात लावून म्हणाला, "त्येच. कॅनडाचं. त्यो बोल्ट मी पुन्ना कवाच खोलला न्हाई." एवढ्या शब्दावर आप्पासाहेबानं मला बैलगाडीत घातलं. माणूस पैसा आणायला गेला आणि आख्खं इंजिन घेऊन आला.

मळ्यात माझं जंगी स्वागत झालं असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! बनुबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हे काय आणलं?"

"तुझा पैसा."

"कुठाय?"

"ह्याच्या पोटात. त्येच इंजिन हाय. कॅनडाचं."

शेजारपाजारचे जमलेच होते. प्रवरेच्या कॅनॉलवर ज्यांची हयात गेली, त्यांच्या कानाला कॅनडा कसं ऐकू येणार? "क्यानलचं हाय म्हनं! क्यानलच्या कामावरचं भंगार आणलं आप्पानं!" गावभर तेच झालं. आप्पासाहेब घसा कोरडा करून सांगे, की क्यानल न्हाई रं, कॅनडा! तो साता समुद्रापलीकडं हाय! लोक आणखीच हसत. त्या दिवसापासून मी 'क्यानलचं इंजिन' झालो आणि तो 'कॅनडा आप्पा'. पाण्याच्या पाळीवरून कुणाशी वाजलं, की समोरचा पहिलं हेच नाव काढी.

पण काम असं केलं की लोकांची तोंडं बंद झाली. आप्पासाहेबानं मला विहिरीच्या काठावर सिमेंटच्या ओट्यावर बसवलं आणि पट्ट्यानं पंपाला जोडलं. गार राहायला शेजारी पाण्याचं पिंप दिलं. सुरू करायचं पेट्रोलवर, गरम झालो की रॉकेलवर. सकाळी हँडल मारलं की माझी धडधड पार शिवंपर्यंत जाई. माझ्या आवाजावर बायका धुणं घेऊन येत, पोरं पाटात उड्या मारत. आमच्या पाण्यावर उसाचे फड उभे राहिले. माझ्या ओट्याशेजारी रामचा पाळणा बांधलेला असे. राम म्हणजे त्यांचा मुलगा. मी बंद पडलो की तो जागा होऊन भोकाड पसरी, आणि आप्पासाहेब म्हणे, "बघ, पोराला खरं-खोटं कळतंय. त्याच्या आईला तेवढं कळत न्हाई."

कारण बनुबाईचा एकच हेका होता. "पैसा हाय ना? मग दावा."

"चालत्या इंजिनाला पाना लावत न्हाईत."

"म्हंजी न्हाईच. थाप मारली तुमी."

"तू इस्वास ठिव, मग उघडतो."

"तुमी उघडा, मग इस्वास ठिवते."

मित्रांनो, हा संवाद मी किती वेळा ऐकला असेल, त्याची गणती नाही. पेरणीला ऐकला, लावणीला ऐकला, रामच्या लग्नात हळदीच्या दिवशीसुद्धा ऐकला. पुढं पुढं त्यात भांडण उरलं नव्हतं. जेवताना लोणचं लागतं तसा तो त्यांना लागायचा. पण थट्टेच्या तळाशी दोघांनाही काहीतरी टोचत होतं, ते मला दिसत होतं. तिला वाटे, याला माझ्या बापाच्या खुणेची किंमत नाही, म्हणून हा गोष्ट रचून सांगतो. त्याला वाटे, मी शोधून शोधून एवढं धूड घरी आणलं, तरी हिला माझा शब्द पुरत नाही.

दर खंडेनवमीला आप्पासाहेब माझी पूजा करी. माझ्या कुशीवरचा नंबर बघून तो पहिल्याच वर्षी थबकला होता. दोन टोकांना चांदण्या, मध्ये अनोळखी अक्षरं. "बनू, हे बघ. कुणीतरी यंत्र कोरलंय." यंत्र म्हणजे इंजिन नव्हे, भारलेलं यंत्र, ताईतातलं! झालं, त्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचं बोट फिरलं. दर वर्षी नवा थर चढत गेला. ज्या नंबरानं 'कॅनडा' म्हणून साक्ष दिली असती, त्याच नंबराला त्या भल्या माणसानं स्वतःच्या हातानं शेंदराखाली पुरून टाकलं. मी आतल्या आत ओरडत होतो, "अरे, वाच, वाच!" पण इंजिनाला हँडल मारल्याशिवाय आवाज फुटत नाही.

मग मळ्यात वीज आली. विहिरीवर एक इवलीशी मोटार बसली, बटण दाबलं की पाणी. माझ्या पट्ट्याची गोफण झाली, पिंपात कोंबड्या अंडी घालू लागल्या, माझ्यावर खताची रिकामी पोती पडली. आधी काही दिवस मला वाटे, लाइट गेली की आठवण निघेल. लाइट रोज जाई, आठवण निघत नसे. लोक झाडाखाली बसून लाइटची वाट बघत.

एक दुपार मला विसरता येत नाही. मी बंद पडून बरेच दिवस झाले होते. आप्पासाहेब एकटाच शेडमध्ये आला. त्याच्या हातात पाना होता. आता मी चालतं इंजिन नव्हतो, म्हणजे त्याची सबबही संपली होती. त्यानं पोती बाजूला केली आणि नेमक्या त्या बोल्टावर पाना बसवला. मी श्वास रोखला. त्यानं जोर लावला नाही. नुसताच उभा राहिला. मग पाना काढून घेतला आणि माझ्या अंगावर हात ठेवून हळूच म्हणाला, "आन् नसला तर रं?"

तेव्हा मला कळलं, की वरातीनंतर त्यानंही तो पैसा माझ्यात बघितला नव्हता. मी तेच वरातीतलं इंजिन, याला त्याच्याजवळही फक्त सूर्यभानचा शब्द होता. तेवढ्यावर त्यानं गावाची थट्टा सोसली आणि बायकोचे टोमणे खाल्ले. त्या दिवशी मला वाचा असती तर मी एकच शब्द बोललो असतो. तो पाना खुंटीला अडकवून निघून गेला आणि त्यानंतर काही हिवाळ्यांनी जगातूनच गेला. बोल्ट तसाच राहिला.

आता हल्लीचं सांगतो. राम स्वतः नातवंडांचा धनी झाला आहे. मळ्यावर सौर पंप बसवायचं ठरलं आणि शेड मोकळी करायची निघाली. भंगारवाला टेम्पो घेऊन दारात आला. दोघा गड्यांनी मला पहारी लावल्या, तेवढ्यात ऐंशीला टेकलेली बनुबाई काठी टेकत आली आणि माझ्या ओट्यावर बसलीच.

"आई, उठ की. टेम्पो खोळंबलाय," राम म्हणाला.

"खोळंबू दे. आधी ह्याचं वय आन् गाव कळू दे. मग कुठं न्यायचं तिथं न्या."

"आता काय करायचंय गाव कळून? समद्यांना ठावं हाय, क्यानलचं हाय."

"तेच कळू दे. तुझा बाप जलमभर कॅनडा म्हणत हुता. मी त्याला थाप्या म्हणत हुते. आमच्या दोघात खोटं कोण, ते कळल्याबिगर मी मरायची न्हाई, सांगून ठिवते."

रामनं डोक्याला हात लावला आणि टेम्पो रिकामा परत गेला.

रामच्या बायकोची भाची मोनिका नगरला सावेडीत राहते. जुन्या गाड्या खोलून पुन्हा उभ्या करायचा तिचा व्यवसाय आहे. पुढच्याच रविवारी ती आली. आली तशी ती माझ्याजवळ खाली बसली आणि आधी नुसतं बघत राहिली. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला वस्तू म्हणून नाही, इंजिन म्हणून बघत होतं. मला गहिवरून आलं.

"आजी, याचं वय ओळखायला तीन-चार जागा बघाव्या लागतील," ती म्हणाली. "आधी दात बघू."

बनुबाईचा चेहरा उजळला. "ह्याला दात असत्यात?"

"असतात की! हे मागचं मोठं चाक आहे ना, त्याच्या कडेला आहेत."

"आन् माझ्या बापाला त्यो मेला ड्रायवर दात न्हाईत म्हणला हुता!" बनुबाई तोंडाला पदर लावून हसली. मोनिकानं दात मोजले, झाकणाची ठेवण बघितली, आपल्याजवळच्या चित्रांशी ताडून बघितलं. "गाडीचंच इंजिन आहे, फोर्डचं. पण नेमकं साल आणि कारखाना कळायला नंबर लागेल. तो इथं डाव्या बाजूला असायला हवा. इथं तर हा शेंदूर आहे."

"ते यंत्र हाय बाई. देवाचं. ह्यांनी पुजलेलं."

मोनिकाचा हात थांबला. तिनं बनुबाईकडं बघितलं. बनुबाईनं थोडा विचार केला, हात जोडले आणि म्हणाली, "काढ. पर पायदळी पडू देऊ नगं." राम ताटली घेऊन आला. मोनिकानं लाकडी पट्टीनं हलक्या हातानं शेंदराचं ते ढेपळ सोडवलं. खपली निघावी तसं ते अख्खं निघालं. आणि खाली? खाली माझा जन्मदाखला कालच ठोकल्यासारखा लखलखत होता. बाकी अंगावर गंजाचे थर चढले होते, पण तेलाच्या शेंदरानं तेवढी वीतभर जागा जपली होती. आप्पासाहेबाची चूकच माझ्या कामी आली.

"सी, ए," मोनिका वाचू लागली. "सी ए म्हणजे कॅनडातल्या कारखान्याचं. आणि या आकड्यांवरून साल एकोणीसशे तीस."

मग बनुबाईनं विचारलं, "क्यानल न्हाई?"

"नाही आजी. कॅनडा."

"साता समुद्रापलीकडचा?"

"हो."

"ह्येच म्हणत हुते," ती म्हणाली आणि बराच वेळ त्या अंकांकडं बघत बसली. गावानं हसून घालवलेला तो शब्द तिला आता माझ्या अंगावर ठोकलेला दिसत होता. राम चुळबुळला. बापाला कॅनडा आप्पा म्हणून चिडवलं की शाळेतून रडत येणारा राम मी बघितला होता. त्यालाही काहीतरी आठवलं असावं.

पण खरा प्रश्न अजून बाकी होता. बनुबाईनं वरातीची, वायसरची, बापाच्या पैशाची सगळी हकीकत सांगितली. मोनिकानं खोटा दिलासा दिला नाही. "आजी, अशी इंजिनं तेव्हा लाखांनी निघाली. तुमच्या वरातीतलं हेच, असं नंबरावरून सांगता येणार नाही. ते तो बोल्टच सांगेल. पण तो गंजून एकजीव झालाय. जोर लावून फिरवला तर तुटेल, आणि खाली पैसा असलाच तर त्याचाही चुरा होईल. आठवडाभर रॉकेल पाजू या."

तो आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब आठवडा. रोज दुपारी बनुबाई यायची, बोल्टावर रॉकेलचे थेंब सोडायची आणि माझ्याजवळ बसायची. पहिले दोन दिवस ती नुसती माझ्या अंगावरची धूळ पुसायची. मग हळूहळू बोलायला लागली. माझ्याशी नव्हे, त्याच्याशी. "मी काय, एक बार म्हणले असते की ठिवला इस्वास, तर जीभ झडली असती का माझी? पर तुमी बी लई हट्टी." मध्येच रागावायची. "कॅनडा खरं निघालं म्हणून समदंच खरं निघंल असं न्हाई, सांगून ठिवते!" आणि पुन्हा रॉकेल सोडायची. मला इतकं वाटे, की माझ्यातला एखादा सिलिंडर तरी ठिणगी टाकेल आणि मी ओरडून सांगेन. आहे गं बाई, आहे. तुझा पैसा मी इतकी वर्षं छातीशी धरून बसलोय.

रविवार आला. मोनिकानं बोल्टावर हलकेच टिचक्या मारल्या, गंज झटकला आणि पाना बसवला. आप्पासाहेबाचाच, खुंटीवरचा. ती जोर लावणार इतक्यात बनुबाई ओरडली, "थांब!"

सगळे थबकले. तिनं काठी रामच्या हातात दिली, पुढं येऊन माझ्या अंगावर हात ठेवला. आप्पासाहेबानं ठेवला होता, नेमका त्याच जागी. डोक्यावरचा पदर नीट केला.

"अहो," ती म्हणाली, "पैसा निघू नाहीतर न निघू. तुमी खरं बोलत हुता. मी ठिवला इस्वास." आणि मोनिकाकडं वळली. "हां. आता उघड."

मोनिकानं बाहीनं डोळे पुसले आणि पाना फिरवला. बोल्ट आधी कण्हला, मग करकरला आणि सुटला. लोखंडी चकती निघाली. तिच्या खाली काळाकुट्ट तेलकट गोल दिसला. मोनिकानं तो नखानं सोडवून बनुबाईच्या तळहातावर ठेवला. म्हातारीला आता बारीक दिसत नाही. तिनं तो पदरानं पुसला आणि कडेवरून अंगठा फिरवला. एक खाच. दुसरी. अंगठा थोडा पुढं सरकला आणि थांबला. तिसरी.

"बाबा," ती म्हणाली. एवढंच. आणि मग लहान पोरीसारखी रडली. राम तिला धरायला गेला तर स्वतःच रडायला लागला. मी कोरडा होतो, कारण माझ्यात तेलच नव्हतं.

थोड्या वेळानं राम म्हणाला, "आई, ह्याला साखळीत ओवून देतो. गळ्यात घाल."

बनुबाईनं डोळे पुसले. "गळ्यात नगं. परत बसव."

"परत?"

"व्हय. त्यांनी आणून दीन म्हणलं हुतं, आणून दिला. मी बघितला. आता जिथला तिथं बसव. तांब्याबिगर तेल थांबत न्हाई, मला ठावं हाय."

"आजी, पण हे इंजिन चालत नाही," मोनिका म्हणाली.

"मग चालीव की!"

मोनिकानं चालवलं. एका रविवारात नाही. ती कितीतरी रविवार येत राहिली. माझ्या पोटातला गाळ काढला, अडकलेले गुडघे, म्हणजे पिस्टन, मोकळे केले, नव्या वायरी घातल्या आणि पैसा जिथला तिथं बसवला. भंगारवाला एकदा येऊन विचारून गेला, तेव्हा रामनंच त्याला चहा पाजून वाटेला लावलं. आणि या खंडेनवमीला माझ्या नंबरावर शेंदूर नाही, शेजारी झेंडूचं एक फूल ठेवलं. 'कॅनडा' आता सगळ्यांना वाचता यायला हवं, असा बनुबाईचा हुकूम होता.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं काहीतरी असेल. शिवणयंत्र असेल, जातं असेल, बंद पडलेला रेडिओ असेल. त्याला थोडं तेल द्या. त्याच्यावर कुठं अंक-अक्षरं असतील तर ती पुसून बघा, आम्ही आपलं नाव-गाव अंगावर बाळगून असतो. आणि घरातलं एखादं जुनं माणूस त्याबद्दल तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर पुरावा मागण्याची घाई करू नका. पुरावा सापडतो, पण तोवर सांगणारा आपल्यासाठी थांबलेला नसतो.

त्या खंडेनवमीला रामनं हँडल मारलं. पहिल्यांदा मी खोकलो, दुसऱ्यांदा धूर सोडला आणि तिसऱ्यांदा धडधडलो, पार शिवंपर्यंत. बनुबाई माझ्या कुशीशी वाकून त्या बोल्टाकडं बघत होती. मोनिकानं पाना उचलला, एकदा आवळून बघावा म्हणून. म्हातारीनं तिचा हात वरच्या वर धरला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "चालत्या इंजिनाला पाना लावत न्हाईत."

तेलाचा एक थेंबही गळला नाही.